जाते म्हणू नये

घरातून निघताना 'जाते' म्हणू नये, 'येते' म्हणावं, हे मराठी घरातल्या पोराला पाढ्यांच्या आधी येतं. कुणी चुकून 'जातो' म्हणालंच तर आतून कुणीतरी 'येतो म्हण रे' असं दटावतं, जाणारा 'बरं, येतो' म्हणतो आणि चपला सरकवून चालू लागतो. एवढाच मामला. पिढ्यान् पिढ्या हा शब्द बिचारा आपलं काम करून गप्प बसत आलाय. विनिताच्या घरी मात्र तो डोक्यावर चढून बसला, आणि चढला तोही इतक्या शहाजोगपणे की हा आजार आहे हे कळायला सात वर्षं गेली.

वसई पूर्वेला, एव्हरशाईन सिटीत, चौथ्या मजल्यावर हे तिघं राहत: विनिता, तिचा नवरा शांताराम आणि दहावीतली आर्या. आर्याने शाळेला निघताना दारात उभं राहून 'येते गं आई' म्हणायचं. म्हणताना दोन्ही पावलं उंबरठ्याच्या आत हवीत आणि तोंड आईकडे हवं. त्या क्षणी आईच्या मनात काही वाईटसाईट आलं, रस्त्यावर पडलेली सायकल, पांढरी चादर, काहीही, तर ते 'येते' बाद. पुन्हा म्हणायचं. पहिल्या वर्षी दोनदा म्हणून भागायचं. मग पाचदा झालं, मग अकरा. मुलगी खाली गेटपर्यंत पोचली तरी गॅलरीतून हाक यायची, "आर्याऽऽ, जरा वर ये गं." आणि आर्या चार जिने चढून वर यायची, 'येते' म्हणायची आणि पुन्हा उतरायची. शांतारामची पहिली पाळी असायची. तो बोटांवर मोजून 'येतो येतो येतो' म्हणत बूट घालायचा आणि निघायचा. त्यातले निम्मे नियमात बसत नसत, पण त्याला तेवढी सवड नव्हती.

शेजारपाजारचे म्हणत, काय माया आहे बाईची लेकीवर! रोग मायेचा पदर घेऊन आला की त्याला कोण अडवणार?

कारण विचाराल तर हसाल. सात वर्षांपूर्वी विनिताचा धाकटा भाऊ सुमेध चार दिवस राहायला आला होता. एका सकाळी तो 'जातो गं ताई' म्हणून मित्रांबरोबर राजोडीला समुद्रात पोहायला गेला. 'येतो म्हण' म्हणेपर्यंत तो जिना उतरलासुद्धा. दिवसभर तिने घोटभर चहाही घेतला नाही. संध्याकाळी सातला सुमेध नाकात वाळू आणि हातात सहा केळी घेऊन धडधाकट परत आला. काहीसुद्धा घडलं नव्हतं. पण त्याला दारात पाहून तिला जे हायसं वाटलं, त्याचीच चटक लागली. मोठा घाव बसल्याशिवाय माणसाचं असं होत नाही, असं लोक ठासून सांगतात. सपशेल खोटं आहे. काहीच न घडलेल्या दिवशीही दुखणं सुरू होतं.

गोष्ट हातघाईवर आली ती दोन हजार चारच्या जानेवारीत. आर्याची पूर्वपरीक्षा होती, भूमितीचा पेपर. त्या सकाळी विनिताने तिला एकोणीस वेळा परत बोलावलं. आर्या पंचवीस मिनिटं उशिरा पोचली, आणि शेवटचे दोन प्रश्न कोरे सोडून आली. घरी येऊन ती रडली नाही की ओरडली नाही. जेवली, ताट घासलं आणि आईसमोर येऊन बसली.

"आई, बोर्डाच्या परीक्षेला मी इथून जाणार नाही. विरारला आत्याकडे राहीन."

"अगं, असं काय करतेस? मी नाही बोलावणार."

"गेल्या वर्षीपण हेच म्हणालीस." आर्या खाली बघत होती. "मला तुझा राग नाही येत गं. मला फक्त दारातून बाहेर पडायचंय. एक मार्चपर्यंत तू मला एकदा तरी एका शब्दावर सोडलंस ना, तर राहते. नाहीतर बॅग भरते."

परीक्षा तीन मार्चला. पोटच्या पोरीला परीक्षेसाठी स्वतःच्या घरातून पळून जावंसं वाटतं, याहून वाईट ते काय? विनिताला त्या दुपारी आपली किळस आली. आणि तरी दुसऱ्या दिवशी सकाळी, जीभ चावत, तिने आर्याला सात वेळा परत बोलावलं.

विनिता वसई गावातल्या एका सार्वजनिक वाचनालयात अर्धवेळ काम करायची. पुस्तकं आली-गेली की नोंद करायची, नव्या पुस्तकांची सूचीकार्डं लिहायची. दर बुधवारी तिथे जवळच्या होळी गावाहून मटिल्डाबाई यायच्या. मुंबईच्या एका इस्पितळात मनोरुग्णांच्या वॉर्डात तीस वर्षं नर्सची नोकरी करून आता त्या घरच्या वाडीतल्या केळी आणि अळू बघत होत्या. एका बुधवारी पुस्तकं परत करताना त्यांनी विनिताला, आर्या नीट पोचली का हे पुन्हा विचारून, फोन ठेवताना पाहिलं.

"कितवा?" त्यांनी विचारलं.

"सहावा," विनिता बोलून गेली आणि चपापली. आजवर सगळ्यांनी 'का' विचारलं होतं. 'कितवा' कुणी विचारलं नव्हतं.

त्या दिवशी वाचनालय बंद होईपर्यंत मटिल्डाबाई हलल्या नाहीत. सगळं ऐकून घेतलं.

"पण आपल्यात म्हणतातच ना तसं," विनिता शेवटी म्हणाली. ही तिची सात वर्षांची ढाल होती.

"म्हणतात की. आमच्याकडेपण म्हणतात. मीपण निघताना येते म्हणते. एकदा. मग बस पकडते." त्यांनी पिशवी काखेत मारली. "रीत माणसाला दारापर्यंत सोडायला येते, बये. तुझं ते दारातून आत ओढतंय. याला मंत्रचळ म्हणतात. डॉक्टर ओसीडी म्हणतात. याच्यावर औषधं आहेत, डॉक्टर आहेत, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण घरी करायचा अभ्यासही आहे. तो आधी करून बघू. नाही जमलं तर मी स्वतः तुला डॉक्टरकडे घेऊन जाईन."

पुढच्या बुधवारी त्यांनी पिना मारलेली चोवीस पानांची एक इंग्रजी पुस्तिका आणून दिली. समासात त्यांच्याच हातच्या पेन्सिलीच्या मराठी नोंदी होत्या. विनिताने ती एका बैठकीत वाचली, आणि पुस्तकातलं वाचताना आपल्याच घरात कुणीतरी डोकावून गेल्यासारखं तिला वाटलं.

पहिला धडा असा, की त्या आवाजाला नाव द्यायचं. तो म्हणजे आपण नव्हे. विनिताने नाव ठेवलं 'नाकेदार', जकात नाक्यावर बसलेला. मुकाट्याने जकात भरली की सोडतो, पण दुसऱ्या दिवशी भाव वाढवतो. दुसरा धडा शिडीचा. कमी भीतीपासून जास्त भीतीपर्यंत पायऱ्या लिहायच्या, प्रत्येकीला शंभरपैकी गुण द्यायचे आणि खालून चढायचं. विनिताने वाचनालयाची दहा कोरी सूचीकार्डं घेतली. पहिल्यावर लिहिलं, 'शांताराम एकदाच येतो म्हणेल: वीस.' चौथ्यावर, 'आर्या एक पाय बाहेर टाकून येते म्हणेल: पन्नास.' सातव्यावर, 'काहीच न बोलता जाईल: सत्तर.' नवव्यावर, 'साध्या दिवशी जाते म्हणेल: नव्वद.' दहाव्यावर तिने फक्त 'शंभर' लिहिलं. पुढचं लिहायला पेन उचलेना. ते कार्ड कोरंच राहिलं.

आणि मग खरा अभ्यास. पायरी करायची, बोलवायचं नाही, फोन करायचा नाही, नुसतं बसायचं. दर पाच मिनिटांनी भीतीला किती गुण ते लिहायचं. "ती आपण होऊन उतरते," मटिल्डाबाई म्हणाल्या होत्या. "तू उतरवायला जाऊ नकोस. आणि एक लक्षात ठेव. नाकेदार नेहमी 'जर'ने सुरुवात करतो. जर असं झालं तर? जर तसं झालं तर? 'जर'ला उत्तर द्यायचं नाही. जे डोळ्यांसमोर आहे, हाताला लागतंय, त्यालाच उत्तर द्यायचं."

घरातल्यांनाही नियम होते. विनिताने 'येशील ना?' विचारलं की 'हो गं, येईन' म्हणून समजूत घालायची नाही. एकच उत्तर द्यायचं: 'बहुतेक'. आर्याने शब्द एकदाच बोलायचा, तडक निघायचं आणि आईने कितीही हाका मारल्या तरी मागे बघायचं नाही.

"बहुतेक काय? बायको विचारतेय येशील का, आणि मी म्हणू बहुतेक?" शांताराम करवादला. पण म्हणायला लागला. पहिल्या दिवशी त्याचा 'बहुतेक' ऐकून विनिता ओट्याला धरून उभी राहिली. कागदावर पंच्याऐंशी, ऐंशी, ऐंशी, सत्तर. चाळीस मिनिटांनी तीस. कुणीही काहीही केलं नव्हतं, आणि भीती उतरली होती. तिने तो कागद तीनदा वाचला.

फेब्रुवारी अर्धा सरेपर्यंत ती आठव्या पायरीला पोचली. आकडे आता भराभर खाली येत. सत्तर, आणि पाच मिनिटांत दहा. बुधवारी तिने मटिल्डाबाईंपुढे कागद ठेवला, पोराने प्रगतिपुस्तक ठेवावं तसा.

मटिल्डाबाईंनी चष्मा वर केला. "पाच मिनिटांत दहा?"

"हो!"

बाई उठल्या, पिशवी घेतली, दारापर्यंत गेल्या आणि वळून म्हणाल्या, "विनिता, मी जाते." मग तिथेच उभ्या राहून तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या. "काय म्हणालीस?"

"कुठे काय?"

"ओठ हलले तुझे."

विनिता हळूच म्हणाली, "ये म्हणाले. मनातल्या मनात. कुणी जाते म्हणालं की आपण 'ये हं' म्हणतोच ना, मटिल्डाबाई. मी काही कुणाला बोलावलं नाही परत."

"बाहेरचा नाका बंद केलास आणि आत उघडलास," बाई खुर्चीत बसल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, पण दयाही नव्हती. "तीन आठवडे तू मनात जकात भरते आहेस. म्हणून आकडे उतरतात. सगळं पहिल्यापासून करायचं."

"पंधरा दिवस राहिलेत."

"मग आजपासून कर. मनातला 'ये' सुटलाच, तर लगेच त्याच्यावर 'जा' म्हण. त्याची जकात त्याच्या तोंडावर नासून टाक."

"पोटच्या पोरीला 'जा' कसं म्हणू?"

मटिल्डाबाईंनी आकड्यांचा कागद तिच्यापुढे सरकवला. विनिता धार्मिक पुस्तकांच्या कपाटाआड जाऊन रडली, आणि मग तोंड धुऊन पुन्हा नोंदी करायला बसली.

ते पंधरा दिवस घरात कुणी नीट जेवलं नाही. 'ये'वर लक्ष ठेवायला लागल्यावर तो दिवसातून दोनशेदा सुटायला लागला. आकडे उतरायला तास तास लागे. एका सकाळी ती हरली, गॅलरीत धावली आणि ओरडली, "आर्याऽऽ!" खाली आर्याची पाठ क्षणभर ताठली. पण नियम म्हणजे नियम, पोरगी मागे न बघता चालत राहिली. विनिता गॅलरीत फरशीवर बसली आणि पन्नास मिनिटं बसून राहिली. त्या दिवशी भीती खरीच उतरली, एकटीच, कुणी न बोलावता.

एकोणतीस फेब्रुवारीला आर्या 'जाते' म्हणून क्लासला गेली, आणि विनिताने एकही हाक मारली नाही. संध्याकाळी आर्याने कपाटावरची रिकामी बॅग पुन्हा माळ्यावर टाकली.

तीन मार्च उजाडला. अकराचा मराठीचा पेपर, केंद्र नालासोपाऱ्याच्या एका शाळेत. शांताराम सहालाच 'बहुतेक' म्हणून कामावर गेला होता. खालच्या मजल्यावरची रीमा आणि आर्या एकाच रिक्षाने जाणार होत्या. साडेनऊला वीज गेली, पंखा थांबला आणि घरात दोघींच्या श्वासांचा आवाज ऐकू यायला लागला.

"आई, मी तो शब्द म्हणणार आहे हं," आर्या म्हणाली. तिचेही ओठ कोरडे पडले होते. सात वर्षं जी पोर दिवसातून इतक्या वेळा 'येते' म्हणत आली, तिला काय त्या शब्दाची भीती वाटत नसेल?

"म्हण," विनिता म्हणाली.

आर्याने सँडलचे पट्टे लावले. उठली. उंबरठा ओलांडला. "जाते, आई," ती म्हणाली आणि ठरल्याप्रमाणे तडक, जवळजवळ पळतच, जिना उतरली.

विनिताने घड्याळ पाहिलं. नऊ पस्तीस. कागदावर लिहिलं, शंभर. नाकेदार बोंबलायला लागला. जर रिक्षा उलटली तर? शेवटचा शब्द 'जाते' होता. जर तोच शेवटचा ठरला तर? मनात 'ये' सुटला. तिने दात आवळून त्याच्यावर 'जा' टाकला. बसून राहायचं. नुसतं बसायचं. तिने नजर दाराकडे वळवली आणि चपलांच्या रॅकवर तिला काहीतरी चमकताना दिसलं.

पारदर्शक पाऊच. आत दोन पेनं, पट्टी आणि आर्याच्या फोटोचं हॉल तिकीट. पट्टे लावताना तिने ते खाली ठेवलं होतं, आणि त्या एका शब्दाच्या धसक्यात तसंच सोडून पळाली होती.

विनिता जागची हलली नाही. हा नाकेदाराचा डाव तर नव्हे? तिला परत बोलवायला त्याने आजवर काय काय दाखवलं नव्हतं! हाक मारायची नाही, काय वाट्टेल ते झालं तरी मारायची नाही, हे तर ती पाच आठवडे घोकत होती. आणि आज हाक मारली नाही तर पोरगी परीक्षेला बसणार नाही.

'जर' आहे का हा? तिने पाऊच उचललं. थंड प्लास्टिक. आसन क्रमांक, शाळेचा शिक्का, दोन वेण्यांतली आर्या. यात कुठेही 'जर' नव्हता. हे हाताला लागत होतं.

ती गॅलरीत धावली. "आर्याऽऽ! आर्या, थांब!"

खाली गेटजवळ आर्या रिक्षात चढत होती. हाक ऐकून तिचे खांदे आक्रसले. तिने मागे बघितलं नाही. घाईघाईने आत बसली, आणि रिक्षा सुरू झाली.

चांगली शिकवली होती पोरीला! विनिता गाऊनवरच निघाली, अनवाणी, दार सताड उघडं टाकून. चार जिने ती कशी उतरली तिचं तिला माहीत. "थांबा! अहो, थांबवा रिक्षा!" सोसायटीच्या गेटात पाण्याचा टँकर मागे घेत होते, त्याने वाट अडवली होती म्हणून रिक्षा दहा पावलांवर खोळंबली होती. विनिता पोचली आणि रिक्षाच्या दांडीला धरून उभी राहिली. धाप लागून शब्द फुटेना.

आर्या आत कोपऱ्यात सरकली. तिच्या डोळ्यांत पाणी तरारलं. "आई, प्लीज. आज नको ना. प्लीज." शेजारी रीमा मान खाली घालून बसली होती. आणि मग आईचा तो अवतार बघून आर्या विरघळली. "बरं, ऐक, म्हणते मी. म्हणते हं. ये—"

"नको." विनिताने पाऊच तिच्या मांडीवर ठेवलं.

आर्याने ते पाहिलं. हात लावून पाहिलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला, मग लाल झाला.

टँकर हलला. रिक्षावाल्याने मागे वळून विचारलं, "मॅडम, निकलू क्या?"

विनिताच्या घशात 'ये' येऊन बसला होता. सात वर्षांचा, ओळखीचा, गोड शब्द. एकदा म्हणावं, सगळं निवेल. तिने लेकीच्या गालाला हात लावला.

"जा," ती म्हणाली. मोठ्याने म्हणाली. "जा बाळा."

रिक्षा वळणावरून दिसेनाशी झाली तेव्हा तिला कळलं, की आपण स्वतःही घरातून काही न बोलता निघालो होतो, आणि पाय डांबरावर भाजताहेत. ती जिने चढून वर आली. टेबलावरचा कागद ओढला. नऊ पन्नास, शंभर. दहा पाच, शंभर. साडेदहाला नव्वद. अकराच्या ठोक्याला ती ढसाढसा रडली, आणि ते कशाचं रडू होतं हे तिने शोधत बसायचं नाही असं ठरवलं. मग तिने कोरं सूचीकार्ड काढलं, जिथे फक्त 'शंभर' लिहिलं होतं. त्याच्यापुढे लिहिलं, 'मीच जा म्हणाले.'

येईल ना गं ती, नाकेदाराने विचारलं.

"बहुतेक," विनिता म्हणाली, आणि मघापासून सताड उघडं असलेलं दार लावायला उठली.